सांडलेलं आधी निथळू द्यावं

— नाही नाही, ती साडी पिशवीतच राहू द्या तोतारामभाऊ, आधी चहा होऊ द्या. साडीचं काय एवढं, ठेवून घेता येते, नको असली तर परत देता येते. तुम्ही बसा. खुर्ची जरा इकडं ओढा, तिकडं पत्रा तापतो, डोक्याला ऊन लागेल. धुळ्याहून निघालात ते पारोळ्याला तरी थांबलात की नाही? नाही ना. मग घसा कोरडा पडला असेल. आणि तुमची ती मारुती व्हॅन गल्लीच्या तोंडाशीच ठेवली, बरं केलं, आत आली असती तर माझे ज्वारीचे बिबडे, सगळे पापड, चाकाखाली गेले असते. सकाळपासून बाजांवर टाकलेत. घाटा शिजवण्यापासून वाळवून उचलेपर्यंत सगळं एकटीनं — सवय झाली आता. तीन कपांचं आधण टाकते. तीन कशाला म्हणता? असू द्या हो. दोनच कप मोजून टाकले की मला कसंतरी वाटतं, कोणीतरी यायचं राहिलंय असं वाटतं.

मागं सरकू नका, काही होत नाही. पितळी स्टोव्ह आहे, जुना आहे, पण माझ्या हातातला आहे. गॅसला नंबर लावलाय, येईल तेव्हा येईल. हे बघा, किल्ली आवळली, पंपाचे हलके हात मारले, की वाटीत रॉकेल सांडतं — सांडतं कसलं, आपणच सांडवतो. बर्नर गार असतो ना, गार बर्नरला नुसती काडी दाखवून काही होत नाही, त्याला आधी थोडं पाजावं लागतं, मग तापवावं लागतं. आता किल्ली सैल केली, काडी लावली — अहो बसा, एवढासा तर भडका — आणि आता हे वाटीतलं सगळं जळून जाऊ द्यायचं. इथंच माणसं चुकतात. धीर धरवत नाही, वाटीत रॉकेल शिल्लक असतानाच पंप मारत सुटतात, आणि मग जाळ पत्र्याला. मला हे कोणी शिकवलं? कोणी शिकवलं ते तुम्हाला ठाऊक आहे. हे म्हणायचे, तानू, स्टोव्ह काय आणि विमान काय, दोघांची खोड एकच, सांडलेलं आधी निथळू द्यावं आणि मग पेटवावं. स्टोव्हमधलं निथळत नाही, जळतं, पण त्यांचं म्हणणं तेच.

बरं, तुम्ही कशासाठी आलात ते मला कळलेलं आहे, तुम्ही तोंड उघडायच्या आधीच. तुमचा हेमकांत आणि आमच्या रुपचंदची रजनी धुळ्याला कॉलेजात बरोबर होते, एकमेकांच्या मनात भरले, आता तुमच्या घरी पोरगा हटून बसलाय आणि चोपड्याला पोरगी. रुपचंद माझा पाठचा भाऊ, केळीच्या बागेतून त्याला मान वर करायला सवड नाही, आणि रजनी पाचवीपासून इथंच वाढली, माझ्याजवळ — म्हणून तो तुम्हाला म्हणाला, जळगावला माझी बहीण आहे, तिचा शब्द आला की सुपारी फोडू. आपल्याकडं चौकशी अशीच होते. घर कसं, माणसं कशी, हे विचारायचं कोणाला, तर ज्याला ठाऊक असेल त्याला. मग तुम्ही विचारलं असेल, बहिणीचं नाव काय हो? तो म्हणाला असेल, तानुबाई, पुना मिस्तरीची. तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला असेल, तो बघायला मी तिथं असायला हवी होते. रुपचंदला काही कल्पना नाही. मेहुणा विमानाच्या आगीत गेला एवढंच त्याला ठाऊक. कंपनीचा मॅनेजर कोण होता ते त्यानं कधी विचारलं नाही, आणि मी त्याच्याजवळ कधी नाव काढलं नाही. जपून ठेवलं होतं म्हणा ना. आज तुम्ही पेढे घेऊन आलात, ते जपलेलं कामी आलं.

उठू नका. होणाऱ्या सोयऱ्याला बिनचहाचं कोणी जाऊ देतं का? बघा, वाटी संपत आली, ज्योत बसली. आता किल्ली आवळते आणि मारते पंप. हा असा आवाज करतो, जरा मोठ्यानं बोलावं लागेल. तर तुमचं ते विमान — तुम्हाला वाटत असेल, बाईला काय कळतं त्यातलं. कळत काही नाही. पण नवरा रोज जेवताना तेच बोलायचा, दुसरा विषयच नव्हता त्या माणसाला. कपाशीवर अळी पडली की तुमच्या कंपनीचं ते पिवळं विमान औषध मारत फिरायचं, धुळ्याबाहेर माळावर धावपट्टी, पत्र्याची शेड, शेडमागं आमची खोली. विमान उतरलं की हे जेवायला, विमान उडालं की हे आभाळाकडं तोंड करून. म्हणायचे, गार इंजिन आपणहून पेटत नाही, कॅप्टनच्या हाताशी एक दांडा असतो, तो ओढायचा आणि ढकलायचा, दरवेळी पेट्रोलची एक पिचकारी इंजिनाच्या श्वासाच्या वाटेत जाते. त्याला ते प्रायमिंग म्हणायचे. कमी झालं तर इंजिन धरत नाही, जास्त झालं तर पेट्रोल वर न चढता खाली उतरतं. त्याच्यासाठी विमानाच्या नाकाखाली करंगळीएवढी एक नळी ठेवलेली असते, तिच्यातून ते ठिबकतं. ठिबकू द्यायचं. ठिबकणं थांबलं की मगच पंखा फिरवायचा. आणि ती नळी बंद झाली तर? तर सगळं आत साचून राहतं, इंजिनानं उलटा ठसका दिला की जाळ मागं येतो आणि त्या साचलेल्याला भेटतो. म्हणून यांचा रोजचा नेम — देवाला हात जोडायच्या आधी त्या नळीत तार घालून बघायची. अशा भोकांत कुंभारीण माशी मातीचं घर करते ना, तिचा काही भरवसा नाही. यांचा मोठेपणा सांगत नाही मी. तापट माणूस, तंबाखू खाऊन कुठंही थुंकायचा, माझ्या माहेरच्यांशी कधी धड बोलला नाही. पण नळी बघायचा.

आता खंडेनवमी आठवा. रजनी तेव्हा चौथीत होती, म्हणजे बघा किती वर्षं झाली, पण तुमच्या अंगातला तो नवा सफारीसुद्धा मला आठवतो. मालक सगळं गणगोत घेऊन आले होते — मालकीणबाई, त्यांचे व्याही, पाहुण्यांची पोरं — विमानाची पूजा करायची म्हणून. हत्यारं पुजायचा दिवस, मग विमान का नाही पुजायचं? बरोबरच आहे. यांनी ते धुऊन पुसून शेडसमोर उभं केलं, पंख्याला झेंडूची माळ, नाकाखाली मी रांगोळी काढली, समई ठेवली, वाती माझ्या ताटात. आणि पाहुणे बसलेत विमानात, कॅप्टनला विचारतायत हे काय, ते काय, आणि तो दांडा ओढतायत, ढकलतायत, पुन्हा ओढतायत, खेळणं समजून. मालकांच्या व्याह्यांना कॅप्टन तरी काय बोलणार? ते सगळं पेट्रोल उतरलं खाली आणि लागलं माझ्या रांगोळीवर ठिबकायला. मालकीणबाईंनी पदर नाकाला लावला. यांनी समई उचलून लांब नेली, निरांजन लावू दिलं नाही, म्हणाले, थोडा वेळ जाऊ द्या, निथळू द्या, मग करा पूजा. मालकीणबाई म्हणाल्या, मुहूर्त टळतो. आणि तुम्ही — मालकीणबाईंचा शब्द तुम्ही कधी खाली पडू दिला नाही — तुम्ही यांना विहिरीवर पाठवलं, नारळ फोडायला दगड धुऊन आणा म्हणून. हे गेले. तुम्ही माझ्या ताटातला कापसाचा बोळा उचलला. वातींसाठी मीच सरकी काढून ठेवलेला. मला वाटलं, हाताला काही लागलं असेल, पुसत असतील. तुम्ही विमानाच्या नाकाखाली वाकलात, नमस्कार करतात तसे, आणि उठलात तेव्हा हात रिकामा होता आणि ठिबकणं थांबलं होतं. सगळे म्हणाले, बघा, देवीनं ऐकलं. पूजा झाली, आरती झाली, आणि पेढे तुम्ही स्वतःच्या हातानं वाटले. माझ्या वाट्याचा मी तोंडात घातला आणि पदराआड थुंकला. त्याला पेट्रोलचा वास येत होता, तोतारामभाऊ. तुमच्या बोटांचा. आजचा पुडा मी अजून उघडला नाही तो म्हणूनच.

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. वास काय, सगळीकडंच होता. संध्याकाळी हे रोजच्यासारखे तार घेऊन निघाले. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? मी दारात उभी होते, मला ऐकू आलं. "पुजलेल्या हत्याराला आजच्या दिवस हात लावत नाहीत मिस्तरी, उद्या मालकीणबाई माळ उतरवतील, मग काय ते कर." हे तापले, पण गप्प बसले. नोकरी तुमच्या हातात, आणि खंडेनवमीला पुजलेलं हत्यार उचलायचं नसतं हे त्यांच्या आईनंही त्यांना शिकवलेलं. विळ्याला नाही, पाभरीला नाही, मग विमानाला कसा हात लावायचा? तुम्हाला तेव्हा तो बोळा आठवत होता की नव्हता? आठवत होता तर काढायला काय झालं होतं, आणि आठवत नव्हता तर तार घेऊन निघालेल्या माणसाला अडवलं कशाला? — नाही, आत्ता नका सांगू. आधी दसऱ्याची सकाळ होऊ द्या.

दसऱ्याला पहिलं उड्डाण, सीमोल्लंघन म्हणून. पुन्हा तेच पाहुणे, त्यात फोटोवाला. मालकीणबाई उशिरा आल्या, माळ उतरवली, टाळ्या झाल्या, आणि तार घालायला यांना कोणी वेळच दिला नाही. कॅप्टन चढला, दांडा ओढला, पंखा फिरवला. इंजिन धरेना. पुन्हा ओढला. पुन्हा. आता इथं काय झालं ते नीट ऐका, कारण हे तुम्ही तिकडं खुर्च्या मांडत होतात. हे नाकाखाली वाकले, नळीकडं बघितलं. थेंब नाही. थोडा वेळ तसेच वाकून राहिले. नाहीच थेंब. मग हात वर करून कॅप्टनला म्हणाले, निथळलंय सगळं, फिरवा. कारण त्या माणसाचा भरवसा त्या थेंबावर होता. थेंब पडतो तोवर थांबायचं, थेंब थांबला की फिरवायचं, नोकरीभर त्यानं तेवढंच मानलं — आणि त्या थेंबाचं तोंड तुम्ही कापसानं बांधून ठेवलं होतं. पंखा फिरला, एक ठसका, आणि नाकाच्या आत जाळ. कॅप्टननं करायचं ते केलं हो, त्याला मी बोल लावणार नाही, त्यानं पेट्रोल बंद केलं आणि पंखा फिरवत ठेवला, इंजिन जाळ आत ओढून घेतं म्हणतात. पण ओढणार किती, आत तांब्यानं मोजावं एवढं साचलेलं. हे आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन खाली शिरले. आणि नेमका तेव्हा बोळा जळून सुटला. जे कालपासून ठिबकायचं राहिलं होतं ते सगळं एकदम खाली आलं, जळत, यांच्या हातांवर, छातीवर. मी धावले, मला दोघी बायांनी धरून ठेवलं. तुम्ही कुठं होतात? पाहुण्यांच्या पोरांना उचलून मागं नेत होतात. तो फोटो पेपरात आला होता, प्रसंगावधान राखणारे मॅनेजर म्हणून.

धुळ्याच्या सिव्हिलमध्ये हे कसेबसे दिवाळीपर्यंत टिकले. केळीच्या पानावर निजवत होते त्यांना, चादर अंगाला चिकटायची. शुद्ध आली की एकच बोलायचे, नळी बंद होती तानू, मी बघितली नाही, मी बघायला हवी होती. जाताना स्वतःला दोष देत गेला तो माणूस. मी उशाशी बसून बोळा, पेढा, तार, तुमचा तो शब्द, सगळं एका दोऱ्यात ओवत होते, आणि ज्या दुपारी ओवून झालं त्या दुपारी हे शुद्धीवर आलेच नाहीत. त्यांना सांगायचं राहून गेलं. तेवढं राहिलं म्हणूनच तुम्हाला आज या खुर्चीवर बसवलंय.

मग चौकशीचे साहेब आले. मलाही शेडजवळ बोलावलं. तुम्ही त्यांच्यासमोर नळी उलटी करून ठोकली, आतून माती काढून रुमालावर ठेवली आणि म्हणालात, कुंभारीण. मिस्तरी सोन्यासारखा माणूस, पण गाफील राहिला. असं म्हणून डोळ्यांना रुमालाचं टोकही लावलंत. साहेबांनी मान हलवली. ती माती तुम्ही माझ्यापुढं धरली, बघा वहिनी, म्हणून. कशाला धरली हो? गप्प राहिला असतात तर मला तेवढंही कळलं नसतं. मी चिमटीत घेतली आणि ती चुरली, भाऊ. पिठासारखी चुरली. मी चूल लिंपणारी बाई, आगीत राहिलेली माती कशी होते ते मला कोणी सांगायला नको. ती भाजून विटेच्या तुकड्यासारखी कडक होते, चिमटीत चुरत नाही. तुमची माती कच्ची होती. तिनं आग पाहिलेलीच नव्हती. शेडच्या वळचणीचं घरटं खरवडून तुम्ही मागाहून नळीत भरलं होतं. मी साहेबांकडं बघितलं, ते घड्याळाकडं बघत होते. मालकांकडं बघितलं, ते तुमच्याकडं बघत होते. इथं बोलून उपयोग नाही हे कळलं आणि मूग गिळून गप्प बसले. तुम्हाला वाटलं, बाई दुःखात आहे.

खोली रिकामी करायला तुमचाच माणूस आला. झुलाल आबा, आमचे सासरे, माझ्याबरोबर इथं जळगावला आले, या पत्र्याखाली. कुठं लग्नाकार्याला गेले की कोणीतरी म्हणायचंच, तुमच्या पुनाच्या गाफीलपणानं विमान जळालं ना? आबा ताटावरून उठायचे. "बठ्ठं खोटं शे," सगळं खोटं, एवढंच म्हणायचे, "मना पोऱ्या तसा नव्हता." मी त्यांना खरं सांगितलं होतं, पण मी सांगून काय होतं? सून आहे, नवऱ्याची बाजू घेणारच. त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. गेल्या चैत्रात गेले, न ऐकताच. तोवर तुम्ही ट्रॅक्टरची एजन्सी घेतलीत, बंगला बांधलात. तुमची वास्तुशांत झाली ना, तेव्हा मी धुळ्याला आले होते. तुम्हाला कुठून माहीत असणार. फाटकाबाहेर उभी होते, हातात रॉकेलचा डबा. भरलेला. कशाला म्हणता? रेशनचं रॉकेल घेऊन चालले होते असं समजा. जळगावचं रेशन धुळ्याला कशाला आलं ते नका विचारू. आत तुमचा पोरगा पंगतीत पाणी वाढत होता, असेल सातवी-आठवीतला. मला बघून हातातला जग ठेवून बाहेर आला, म्हणाला, मावशी, उन्हात का उभ्या, आत या, जेवून जा. मी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट केलं आणि तशीच एसटीत बसले. — हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगायचंही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. पण निघालंच आहे तर ऐकून ठेवा, तुमचं घर त्या पोराच्या एका शब्दानं उभं आहे, तुमच्या पुण्याईनं नाही.

चहा उतू चालला, थांबा. हं. काय म्हणालात? कुंभारीणच होती? तुम्ही अजून तिथंच आहात का? मग ऐका. उद्या रुपचंद येतोय माझ्याकडं शब्द घ्यायला. मी नुसती नाही म्हणून मान हलवली तरी पुरे, पोरगी कितीही हटून बसली तरी तो माझ्या शब्दाबाहेर जात नाही. आणि तुमचा पोरगा दुसरीकडं करणार नाही, हे तुम्हीच रुपचंदजवळ बोललात. मला साडी नको, पेढे नकोत — उठा, पायाशी काय येता, वयानं मोठे आहात तुम्ही माझ्याहून. बसा वर. मला एक वाक्य पाहिजे, आबांना मिळालं नाही ते. नळी कशानं बंद झाली होती, एवढंच. इथं साहेब नाहीत, मालक नाहीत, फोटोवाला नाही. तुमच्या तोंडून पाहिजे.

काय? ऐकू आलं नाही. हा स्टोव्ह फार ओरडतो. थांबा, किल्लीच सैल करते त्याची.

हं. झालं शांत. आता बोला. पुन्हा बोला.

कापूस. माझ्या ताटातला. हं. पूजेपुरता घातला, पूजा झाली की काढणार होतात. मग का नाही काढला? पाहुणे होते, गडबडीत राहिलं. बरं. आणि संध्याकाळी, हे तार घेऊन निघाले तेव्हा? — आठवलं होतं. आठवलं होतं तुम्हाला. पण मिस्तरीच्या हाती बोळा लागला असता तर त्यानं मालकांसमोर तोंड वाजवलं असतं, म्हणून अडवलं. सकाळी लवकर उठून आपणच गुपचूप काढणार होतात, आणि सकाळी मालकीणबाईंनी फुलं आणायला पाठवलं. असं. आणि माती? मोठ्यानं, भाऊ. वळचणीची. आणि मिस्तरीची चूक? नव्हती. पूर्ण म्हणा, नाव घेऊन. पुना मिस्तरीची काही चूक नव्हती. हं. एवढंसं तर वाक्य. एवढ्यासाठी आबांचा जीव टांगून ठेवलात तुम्ही.

पुसा डोळे. तुमच्या रडण्यानं मला काही बरं वाटत नाही — खोटं कशाला बोलू, वाटतं. चांगलं बरं वाटतं. चहा घ्या, गार होतोय.

काय म्हणता? हेमकांतला सांगू नका? पोरगा तुम्हाला देवासारखा मानतो. मानत असेल हो. गुणाचा आहे पोरगा, उन्हातल्या माणसाला आत बोलावणारा. रुपचंद उद्या यायचा आहे ते मी उगीच म्हटलं, त्याला मी कालच होकार कळवला, चोपड्याला माणूस पाठवून. सुपारी फुटेल, लग्न होईल, माझ्या रजनीला असा नवरा मिळत असेल तर मी आड कशाला येऊ? आणि हेमकांतला मी एक शब्द सांगणार नाही. देवाची आण घेते हवं तर. तो सकाळच्या पहिल्या एसटीनं आला होता इथं, तुमच्या आधी. म्हणाला, मावशी, तुमचं नाव ऐकल्यापासून बाबा नीट जेवत नाहीत, झोपत नाहीत, काय आहे ते मला सांगा. मी म्हटलं, मी नाही सांगणार बाबा, माझ्या सांगण्याला आजवर कोणी खरं मानलं नाही, तू तरी का मानावं? तुझे वडील येतीलच, आतल्या खोलीत बस, जे ऐकायचं ते त्यांच्याच तोंडून ऐक. त्याच्या चपला मी उचलून आत ठेवल्या. तिसरा कप त्याचा आहे.

ये रे हेमकांत, बाहेर ये. मांडवात तुझ्या शेजारी बाप म्हणून कोण उभं राहायचं ते बापलेक बसून ठरवा, मी त्यात पडणार नाही. मला बिबडे उलटायचेत, खालची बाजू अजून ओली आहे.